ओझ्याखालचे शरीर : रेखांकन प्रकल्पाच्या नोंदी

१५ जुलै २०२४, जळगाव

ललितकला पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा रेखांकनाचा सत्रप्रकल्प आज ठरला. विषय मी ‘ओझ्याखालचे शरीर’ असा लिहून दिला आणि सरांनी तो मान्य केला. खांद्यावर, डोक्यावर किंवा कमरेला भार घेतलेली माणसे आणि जनावरे आपल्या भागात जिथे दिसतील तिथे जाऊन काढायची, आणि जानेवारीच्या सबमिशनला फुल इम्पिरियल, म्हणजे २२ × ३० इंचांचे सहा कागद आणि एक पुरुषभर उंचीचे चित्र ठेवायचे, असा आराखडा आहे. सरांची एकच अट आहे : प्रत्येक बैठकीची नोंद त्याच दिवशी लिहायची आणि फसलेले कागद फाडायचे नाहीत.

हा विषय निवडण्यामागे मागच्या वर्षीच्या जुरीत ऐकलेले एक वाक्य आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या पाच फिगर ड्रॉइंग ओळीने पाहिल्या आणि म्हणाले, ‘प्रमाण बरोबर आहे, छायाप्रकाश बरोबर आहे, पण तुझी माणसे जमिनीवर उभी नाहीत; ती कागदावर चिकटवलेली आहेत.’ ते मला लागले, कारण ते खरे होते. पहिल्या वर्षी आम्ही वस्तुचित्रण, निसर्गचित्रण आणि यथार्थदर्शन केले, दुसऱ्या वर्षी हेड स्टडी आणि मॉडेल आले. मॉडेल स्टुलावर वीस मिनिटे बसते किंवा हात सोडून उभे राहते. मी ज्या माणसांत वाढले त्यांचे हात मात्र मी फारसे कधी रिकामे पाहिलेले नाहीत, आणि दोन वर्षांत मी रिकाम्या हातांचीच माणसे काढत आले.

२२ जुलै

स्टुडिओत पहिली बैठक झाली. घराशेजारी बांधकाम करणाऱ्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. उभ्या माणसाचे रेखांकन करताना कंठखळीतून, म्हणजे गळ्याच्या तळाशी असलेल्या खळग्यातून, सरळ खाली ओळंबा सोडायचा हा नियम पहिल्या वर्षीच शिकवतात. भार एका पायावर असेल तर ती रेषा त्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ उतरते आणि दोन्ही पायांवर सारखा असेल तर दोन्हींच्या मध्ये. हा नियम मला पाठ होता, पण पेन्सिल डोळ्यासमोर धरून अंदाज करणे आणि खरा दोरा खऱ्या माणसासमोर लोंबकळताना पाहणे यांत किती अंतर आहे ते आज कळले. माझा अंदाज सरासरी दोन बोटे डावीकडे जात होता.

मॉडेल म्हणून बसणाऱ्या काकांना उजव्या हातात आधी रिकामी बादली आणि नंतर पंधरा लिटर पाण्याने भरलेली बादली धरायला सांगितली. प्रत्येकी दहा मिनिटांची दोन रेखांकने एकाच जागेवरून केली आणि ट्रेसिंग पेपरवर एकावर एक ठेवली. रिकाम्या बादलीत ओळंबा दोन पायांच्या मधोमध होता. भरलेल्या बादलीत उजवा खांदा ओढला जाऊन खाली आला, धड डावीकडे कलले, डावा हात शरीरापासून दूर गेला आणि कंठखळी सरकून डाव्या पायाकडे आली. बादली दोन्ही चित्रांत तंतोतंत सारखी दिसते. पाणी आहे की नाही हे बादलीवरून नव्हे, काकांच्या डाव्या हातावरून समजते. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवले आहे. काकांना मध्ये दोनदा विश्रांती दिली, तरी शेवटी त्यांची बोटे पांढरी पडली होती. पुढच्या वेळी भरलेल्या बादलीसाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागायचा नाही.

४ ऑगस्ट, चोपडा तालुका

मामांच्या शेजारच्या मळ्यात केळीची कापणी होती, म्हणून शनिवारी रात्रीच मामांकडे मुक्कामाला आले. पहाटे पाऊस होऊन गेला होता आणि काळी जमीन पायाला धरून ठेवत होती. सहा मजुरांची टोळी होती. एकाने विळ्याने घडाचा दांडा कापायचा, दुसऱ्याने खाली उभे राहून तो खांद्यावर झेलायचा आणि सरीतून चालत बांधावर नेऊन केळीच्या पानांवर उभा करून ठेवायचा. खांद्यावर जुन्या कापडाची चौपदरी घडी, आणि अंगावरचा सदरा चिकाच्या तपकिरी डागांनी असा भरलेला की मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये. मामांनी एक घड काट्यावर ठेवून दाखवला, तो २३ किलो भरला.

छापखान्यातून किलोने आणलेल्या वृत्तपत्री कागदाचे चाळीस तुकडे सकाळी नऊपर्यंत संपले आणि त्यांतले तीनसुद्धा ठेवावेसे वाटले नाहीत. चालणारा माणूस कागदावर पकडायला अर्धे मिनिटही मिळत नाही. मी घाईने घडाचा आकार घेत होते, फण्यांची वळणे घेत होते, कारण ती डोळ्यांत भरतात, आणि माणसापर्यंत पोचेतो माणूस निघून जात होता. टोळीचे मुकादम आप्पा पाणी प्यायला थांबले, त्यांनी माझ्या मांडीवरचे कागद एकेक करून पाहिले आणि म्हणाले, ‘बेटा, तू घड काढी राह्यनी, माणूस नही.’

आप्पांच्या बोलण्यानंतर मी बराच वेळ काही काढले नाही, फक्त पाहत राहिले. तेव्हा लक्षात आले की हे लोक त्याच सरीतून, त्याच चिखलातल्या त्याच पावलांवरून पुन्हा पुन्हा जात आहेत, म्हणजे मला हवी असलेली मुद्रा दर तीन-चार मिनिटांनी माझ्यासमोर परत येणार आहे. मग मी एकच क्षण ठरवला : डावा पाय पूर्ण टेकलेला आहे आणि उजवी टाच नुकतीच सुटली आहे तो. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट घ्यायची. पहिल्या खेपेला टेकलेले पाऊल, दुसऱ्या खेपेला त्या पावलापासून कमरेपर्यंतची रेषा, तिसऱ्या खेपेला कमरेचा उतार, चौथ्या खेपेला खांद्यांचा. घड सर्वांत शेवटी, तोही एका साध्या लंबगोलाने. हे रेखांकन पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. त्यात सगळ्या मिळून वीसही रेषा नसतील, पण हा माणूस चिखलात उभा आहे.

स्टुडिओतल्या बादलीशी तुलना करताना एक उलट गोष्ट दिसते. हातात ओझे असले की त्या बाजूचा खांदा खाली येतो, आणि खांद्यावर ओझे असले की तोच खांदा वर उचलला जातो, मान दुसऱ्या बाजूला सरते आणि गळ्याजवळचा स्नायू दोरासारखा ताठ होतो. पुस्तकातल्या शरीररचनेच्या आकृतीत हा स्नायू मी अनेकदा रंगवला आहे, पण तो कशासाठी असतो ते आज पाहिले.

१२ ऑगस्ट

कानबाईचे, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या देवीचे, विसर्जन. काल रविवारी घरोघरी कानबाई बसली आणि आज सकाळी गल्लीतून मिरवणूक निघाली. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया वाद्यांच्या तालावर नाचत नदीकडे जातात. खांद्यावरचा भार शरीराला एका बाजूला वाकवतो, पण डोक्यावरचा भार कण्यातून थेट खाली उतरतो, त्यामुळे डोके, मान आणि छाती जवळजवळ स्थिर राहतात आणि सगळी हालचाल कमरेखाली उतरते. मी सात लहान रेखांकने केली. सातही वेळा वरचा अर्धा भाग मोजक्या ठाम रेषांत आला आणि खालच्या भागात रेषा विरत गेल्या. ते तसेच राहू देणार आहे. गर्दीत कोपर लागून दोन कागदांवर कुंकू पडले, तेही पुसणार नाही.

१ सप्टेंबर

उद्या पोळा आहे. आज संध्याकाळी खांदमळणी झाली, म्हणजे बैलांच्या खांद्याला तूप आणि हळद लावून मळण्याचा विधी. मामांच्या गोठ्यात बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे, जिथे जू टेकते तिथे कातडी जाड, काळपट आणि बिनकेसांची झाली आहे. ओझे समोर नसताना ओझ्याची जागा काढण्याचा हा एकमेव प्रसंग या प्रकल्पात आला. ६बी पेन्सिलने फक्त तेवढा भाग एका अर्ध्या कागदावर मोठा करून काढला. मामांनी विचारले, ‘अख्खा बैल का नाही काढला?’ त्यांना हा तुकडा अपुरा वाटला, आणि त्यांच्या समाधानासाठी मी दुसऱ्या कागदावर शिंगांना रंग लावलेला अख्खा बैलही काढून दिला. तो त्यांनी लगेच ओसरीवर लावला.

२१ सप्टेंबर

कोळसा तयार करण्याचा दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. दुकानातल्या चारकोलच्या कांड्या महाग पडतात हे एक कारण आहे, पण खरे कारण असे की कापूस वेचणाऱ्या बायांची चित्रे कापसाच्याच पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या झाडाच्या, कोळशाने काढावीत असे मनात होते. आपल्याकडचे जुने चित्रकार चिंचेच्या काड्या जाळून त्यांच्या कोळशाने आखणी करत, तेव्हा रीत काही नवी नाही.

गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या मामीच्या चुलीशेजारी रचलेल्या होत्याच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ फांद्या निवडल्या, साल सोलली, वीतभर तुकडे केले आणि पत्र्याच्या डब्यात गच्च भरले, कारण मोकळी जागा राहिली तर आत हवा राहते. झाकण घट्ट बसवून त्याला खिळ्याने एक बारीक भोक पाडले आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवला. लाकूड हवेवाचून तापले की त्यातली वाफ आणि ज्वलनशील वायू निघून जातात आणि कोळसा मागे उरतो. हवा मिळाली तर तेच लाकूड जळून राख होते. भोकातून आधी पांढरा, मग पिवळसर धूर आला आणि सुमारे दीड तासाने धूर थांबला. गेल्या आठवड्यात मी इथेच चुकले होते. उत्सुकतेपोटी डबा गरम असतानाच उघडला, आत हवा शिरली आणि कांड्यांनी डोळ्यांदेखत पेट घेतला. या वेळी भोक ओल्या मातीने बुजवले आणि डबा रात्रभर तसाच ठेवला.

सकाळी चौतीस अखंड कांड्या निघाल्या. पऱ्हाटीच्या मधोमध मऊ गाभा असतो, त्यामुळे कांडी सरळ धरली तर रेषेच्या मध्ये फिकी पट्टी राहते आणि दोन्ही कडा गडद उमटतात; थोडी आडवी धरली की हा दोष जातो. दुकानातल्या कांडीपेक्षा रंग किंचित तपकिरी आहे आणि कागदाला पकड कमी आहे, बोट लागले तरी रेषा उडते. साय काढलेले दूध पाण्यात पातळ करून फवारणीच्या बाटलीने मारून पाहिले. दोनदा हलका फवारा दिला की भुकटी धरते, एकदाच जोराने मारले तर ओघळ येतात.

५ ऑक्टोबर, अजिंठा

वर्गातले आम्ही अकरा जण सकाळच्या एसटीने जळगावहून फर्दापूरला उतरलो आणि तिथल्या बसने लेण्यांपाशी पोचलो. साठ किलोमीटरच्या आत अजिंठा असलेले कलाविद्यार्थी जगात किती असतील, याची जाणीव आम्हाला स्वतःलाच कमी असते. मी स्वतः याआधी शाळेच्या सहलीबरोबर एकदाच आले होते.

लोक पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दी करतात आणि ते योग्यच आहे, पण मला सोळाव्या लेण्यात जायचे होते. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरवले. त्याच्या दर्शनी दालनाचे छत लाकडी तुळया आणि वासे असावेत तसे दगडात कोरले आहे आणि त्या तुळयांच्या टोकांखाली बुटके, पोट सुटलेले गण बसवले आहेत, जणू सगळे छप्पर त्यांनीच पेलले आहे. त्यांची पोटे दबलेली, गुडघे दुमडलेले, मान खांद्यांत रुतलेली. आता हे छत आणि हे गण एकाच खडकातून कोरलेले आहेत. तुळई कशावर टेकलेली नाही, गणाने काही धरलेले नाही, तो काढून टाकला तरी छत पडणार नाही. तिथे ओझे नाहीच. तरीही खाली उभे राहिल्यावर मला स्वतःचे खांदे आखडल्यासारखे वाटले. दोन महिने मी असे समजत होते की खरे ओझे पाहिल्याशिवाय ते काढता येणार नाही. इथे शिल्पकाराने माझ्यापुढे ठेवले ते उलट होते. त्याने खऱ्या हमालांची शरीरे इतकी पाहिली असली पाहिजेत की गणांवर भार नसताना त्याने त्यांच्या शरीरातून वजन निर्माण केले. आप्पांचे वाक्य मला तिथे आठवले.

त्याच लेण्यात डाव्या भिंतीवर ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने संन्यास घेतल्याची वार्ता त्याची पत्नी सुंदरी हिला कळते तो प्रसंग. तिचे डोके झुकलेले आहे, पापण्या मिटत आल्या आहेत आणि मागून दासीने तिला आधार दिला आहे. गणांच्या शरीरात वजन पेलले जाते, हिच्या शरीरातून ते सुटते. तिची मान आणि खांदा यांच्यामधल्या एका उतरत्या रेषेतच ते सगळे आहे. मी ती रेषा वहीत अकरा वेळा काढली. पहिल्या दहा वेळा माझी मान वाकलेली आली, गळून पडलेली नाही. अकराव्या वेळी मी हनुवटीपासून सुरुवात न करता कानामागून केली, तेव्हा थोडे जमले. चित्रे असलेल्या लेण्यांत फार वेळ थांबू देत नाहीत, उजेडही मंद असतो, म्हणून तीनदा बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभी राहिले.

भिंतीच्या पोपडे गेलेल्या जागी चित्राखालचे थर उघडे दिसतात : खडकावर तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची पहिली आखणी, मग रंग आणि शेवटी पुन्हा रेषा. म्हणजे रेखांकन दोनदा होत असे, एकदा शोधण्यासाठी आणि एकदा ठरवण्यासाठी. आम्ही पहिल्या आखणीला कच्चे काम म्हणतो आणि रबराने पुसून टाकतो. सर फसलेले कागद का फाडू देत नाहीत ते मला या भिंतीपुढे उमगले.

परतीच्या बसमध्ये सरांनी या चित्रांच्या नकलांचा इतिहास सांगितला. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीत ही लेणी दिसल्यावर, १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे इथे राहून मोठाल्या प्रतिकृती रंगवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. नंतर १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्यांच्याही अनेक प्रतिकृती लंडनमध्येच दुसऱ्या एका आगीत जळाल्या. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे, तो १८७९ साली वारला. ग्रिफिथ्सबरोबर आलेले ते विद्यार्थी आमच्याच वयाचे असतील. त्यांच्या अनेक प्रतिकृती उरल्या नाहीत, पण त्या वर्षांत त्यांच्या हाताला जे वळण लागले ते आगीत गेले नसणार, असे मला बसमध्ये सारखे वाटत होते.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या तोंडावर वेचणी जोरात आहे. वेचणाऱ्या बाया पोटाशी कापडाची ओटी बांधतात आणि त्यात कापूस टाकत पुढे सरकतात. सकाळी ओटी रिकामी असते तेव्हा पाठ पुढे वाकलेली असते; दहाच्या सुमारास ओटी भरते तसे ओझे पुढे येते आणि उभे राहताना पाठीला मागे कलावे लागते, जवळजवळ दिवस भरत आलेल्या बाईसारखे. एकाच मावशींची सकाळी सात, नऊ आणि अकरा वाजता अशी तीन रेखांकने पऱ्हाटीच्या कोळशाने केली. तिन्हींत कमरेची रेषा वेगळी आहे.

खरी अडचण दुपारी आली. वेचलेला कापूस धोतराच्या गाठोड्यात बांधून डोक्यावरून नेतात. हे गाठोडे केळीच्या घडाच्या कितीतरी पट मोठे दिसते, पण वजनाने तेवढे नसते. मी काढलेल्या पहिल्या चित्रात मावशी चिरडल्यासारख्या दिसल्या, कारण मोठा आकार काढताना माझ्या हाताने आपोआप गडद रंग आणि दाबलेली रेषा वापरली. प्रत्यक्षात त्यांची मान मोकळी होती, एका हाताने गाठोडे नुसते सावरलेले होते आणि चाल जलद होती. दुसऱ्या चित्रात गाठोड्याची बाह्यरेषा जागोजागी तोडली, आत काहीच छटा भरली नाही आणि सगळा गडदपणा पावलांखालच्या सावलीत ठेवला. आता गाठोडे मोठे आहे आणि हलके आहे. या एका कागदावर मी समाधानी आहे.

१७ नोव्हेंबर

केळीच्या चिकाने रेखांकन. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, मग तो कागदावरूनही जाणार नाही असा विचार केला. ताज्या कापलेल्या दांड्यातून ठिबकणारा चीक वाटीत धरला आणि बोरूने जाड कागदावर काढू लागले. अडचण अशी की ताजा चीक जवळजवळ पाण्यासारखा असतो, ओला असेपर्यंत रेषा थोडी चमकते आणि वाळली की दिसेनाशी होते. म्हणजे आधी काय काढले आहे ते न पाहता पुढचे काढावे लागते. समोर खेपा घालणारा तोच माणूस, तीच सरी, आणि माझ्या हातात न दिसणारी रेषा. पाऊल, कंबर, खांदा हा क्रम ऑगस्टपासून हाताला सवयीचा झाला नसता तर हे शक्य झाले नसते.

संध्याकाळी कागद फिकट पिवळसर झाला होता. तिसऱ्या दिवशी रेषा तपकिरी झाल्या. (हे वाक्य २० तारखेला लिहीत आहे.) चार कागदांपैकी दोन गोंधळाचे आहेत, एकात खांदा मानेवर चढला आहे, आणि एक आजवरच्या सगळ्या कामात मला सर्वांत खरा वाटतो. मजुरांच्या सदऱ्यांवर जो रंग आहे तोच रंग त्यांच्या आकृतीला आला आहे. सरांनी विचारले की पुढे उन्हाने हा रंग उडेल का. त्याची परीक्षा म्हणून एक पट्टी खिडकीत लावून अर्धी पुठ्ठ्याने झाकली आहे.

१५ डिसेंबर, सारंगखेडा

काल दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू झाली. तापीकाठच्या घोडेबाजारात आज दिवसभर होते. येथे ओझे घेतलेला प्राणी नाही, पण चार पायांवर स्वतःचेच वजन कसे वाटले जाते ते पाहायचे होते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, म्हणून तो मागचा एक पाय आळीपाळीने सैल सोडून विसावा घेऊ शकतो. तो पाय खुराच्या टोकावर टेकतो, त्या बाजूचे ढुंगण खाली येते आणि पाठीच्या रेषेला मागे एक उतार मिळतो. हा उतार पकडला की घोडा शांत उभा दिसतो, चुकला की लाकडी. मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो तो खरे म्हणजे टाच आहे, हे ध्यानात ठेवल्यावर पायांची माझी जुनी चूक निघून गेली. थंडी फार होती, बोटे दुपारीच मोकळी झाली. एकवीस कागद झाले, त्यांतले सहा निवडले.

६ जानेवारी २०२५

मोठ्या चित्राला गेल्या आठवड्यात सुरुवात केली. वृत्तपत्री कागदाचा पुरुषभर उंचीचा पट्टा भिंतीला लावला आहे, त्यावर आधी पूर्ण आखणी करून मग जाड कागदावर उतरवायची असे ठरवले होते, पण दुसऱ्या दिवशीच तो विचार सोडला. अजिंठ्याच्या भिंतीवर आखणी आणि अंतिम रेषा एकाच पृष्ठावर आहेत. मीही थेट जाड कागदावर गेरूने पहिली आखणी केली आणि तिच्यावर पऱ्हाटीच्या कोळशाने काम करत आहे. चुकलेल्या गेरूच्या रेषा दिसत राहतात. माणूस तोच, चोपड्याच्या सरीतला, डावा पाय टेकलेला आणि उजवी टाच सुटलेली. वहीतल्या रेखांकनात हाताची हालचाल मनगटातून होत असे, इथे ती खांद्यातून करावी लागते, आणि तासाभराने माझाच उजवा खांदा भरून येतो. काम करताना मी दर वीस मिनिटांनी ओळंबा लावते. कंठखळी डाव्या घोट्यावर यायला तीन दिवस लागले.

खिडकीतली चिकाची पट्टी आज काढून पाहिली. उन्हात राहिलेला भाग झाकलेल्या भागापेक्षा थोडा फिका आहे, पण रेषा स्पष्ट आहेत. चिकाची चित्रे काचेखाली आणि उन्हापासून दूर लावावीत, एवढे सबमिशनच्या टिपणात लिहीन.

१९ जानेवारी

मामा बाजाराच्या कामाने जळगावला येणार होते, म्हणून आप्पांनाही बरोबर आणा असा निरोप दिला होता. सुट्टी असल्याने स्टुडिओ रिकामा होता. आप्पा चित्रासमोर बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. मग त्यांनी घडाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते खाली बसले आणि डाव्या पावलाजवळ बोट नेऊन म्हणाले, ‘आठे चुकनं. आंगठा जिमीनमा रुताले पाहिजे.’ मी काढलेले पाऊल सपाट टेकलेले होते, कोरड्या फरशीवर टेकते तसे. आप्पांनी चप्पल काढली, स्टुडिओतला एक ड्रॉइंग बोर्ड खांद्यावर घेतला आणि एक पाऊल टाकून दाखवले. बोटे पसरली, अंगठा खाली दाबला गेला आणि पोटरीत वरपर्यंत एक ताण चढला. चिखलात २३ किलो खांद्यावर असताना माणूस टाचेने नाही, अंगठ्याने तोल धरतो. ऑगस्टमध्ये मी ते पाऊल सर्वांत आधी काढले होते, पण ते चिखलात अर्धे बुडालेले होते. न दिसलेला भाग मी स्टुडिओतल्या मॉडेलवरून भरून टाकला होता.

आप्पांना त्याच स्थितीत पाच मिनिटे उभे राहायची विनंती केली. बोर्ड फार हलका आहे, अशाने खरे उतरणार नाही, असे तेच म्हणाले, म्हणून मामांनी आणि मी त्या बोर्डावर आणखी चार बोर्ड रचले. पावलाची तीन रेखांकने झाली, दोन बाजूने आणि एक समोरून. जाताना आप्पांनी कोळशाच्या कांड्या हातात घेऊन पाहिल्या आणि त्या पऱ्हाटीच्या आहेत हे मी सांगण्याआधीच ओळखले.

सबमिशन २७ तारखेला आहे. मोठ्या चित्रातले पाऊल पुसलेले नाही, त्यावर गेरूची नवी रेषा घातली आहे, आणि उद्या सकाळी उजेड चांगला असताना अंगठ्यापासून पोटरीपर्यंतचा भाग कोळशाने पुन्हा घ्यायचा आहे.